नव्या हायब्रिड सायकलचं हँडल आणि ग्रिप बदलून बघायच्या आहेत. सुरुवात कुठून करू?

दोन_पायडल

नवी हायब्रिड घेऊन दीड महिना झाला. रोज कोथरूड ते हिंजवडी आणि परत, रविवारी जमलं तर खडकवासल्यावरून पानशेतकडे. वीस-बावीस किलोमीटर झाले की दोन्ही हातांची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं, डाव्या हाताचं जास्त. मनगटाच्या वरच्या बाजूला ताणही येतो.

सायकलवर आत्ता काय आहे ते लिहितो.

हँडल: सरळ, अ‍ॅल्युमिनियमचं, ६६० मि.मी. रुंद. स्टेममध्ये (हँडलला सायकलशी जोडणारा तुकडा) जिथे आवळलंय तिथे ३१.८ असं कोरलंय.
स्टेम: ९० मि.मी., ६ अंश, तोंड खाली. त्याच्या खाली १० मि.मी.चे दोन स्पेसर (उंची राखणाऱ्या कड्या), वर एक.
ग्रिप: सायकलबरोबर आलेल्या गोल रबरी, नुसत्या सरकवलेल्या. पाऊस पडला की हातात फिरतात.
ब्रेक: डिस्क, पण वायरचे. शिमानो ईएफ५००, म्हणजे ब्रेक आणि गिअर एकाच तुकड्यात.
टायर: ७००×३८, हवा ७५ पीएसआय. वजन ७० किलो.

डोक्यात चार पर्याय आहेत: पंखाच्या ग्रिप (तळवा टेकायला रुंद पंख असलेल्या), मागे वळलेलं थोडं उंच हँडल, बटरफ्लाय हँडल (फुलपाखरासारखं वळणावळणाचं) किंवा थेट ड्रॉप (रेसिंग सायकलसारखं खाली वळलेलं). दर महिन्याला एक याप्रमाणे बदलून बघायची तयारी आहे. कोणत्या क्रमाने जावं? आणि विकत घेण्याआधी नेमकी कुठली मापं घ्यायची?

पाच_नंबर_पाना

पहिले दोन आठवडे काहीच विकत घेऊ नका. तुम्ही लिहिलेल्या यादीतच निम्मं उत्तर आहे.

७५ पीएसआय ही ३८ च्या टायरला फार जास्त हवा झाली. टायरच्या कडेवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी भरा असा सल्ला नसतो. ७० किलोला पुढे ४५ आणि मागे ५० वर या. रस्त्याची सगळी थरथर हँडलवाटे तळहातात जाते आणि ती कमी करायला हवा कमी करण्याइतका स्वस्त उपाय नाही. (किमान मर्यादाही बरेचदा कडेवर छापलेली असते, तिच्या खाली जाऊ नका.)

मग सीट. पुठ्ठा-बांधणीचं जाड पुस्तक सीटवर ठेवा, त्यावर मोबाइल ठेवून त्यातली लेव्हल बघा. सायकल सपाट जमिनीवर हवी. नाक दोन-तीन अंश जरी खाली झुकलं असेल तर तुम्ही सतत पुढे घसरता आणि हातांनी स्वतःला मागे ढकलत राहता. तो सगळा भार तळव्यावर येतो. आधी सीट समपातळीत आणा. त्यानंतर ती पुढे-मागे कुठे आहे ते बघा. मोकळ्या सपाट रस्त्यावर मध्यम जोराने पायडल मारताना हात हँडलवरून जेमतेम एक सेंटिमीटर उचला. धड लगेच पुढे कोसळत असेल तर सीट जास्त पुढे आहे, पाच-पाच मि.मी. मागे सरकवत बघा. रहदारीत हा प्रयोग करू नये हे सांगायला नको.

तिसरी गोष्ट ब्रेकच्या लिव्हरचा कोन. दुकानातून सायकल येते तेव्हा लिव्हर बरेचदा जवळजवळ आडवे असतात. ब्रेकवर बोटं ठेवायला मनगट वर मोडावं लागतं, तुमचा वरच्या बाजूचा ताण तिथलाच असावा. सीटवर नेहमीसारखे बसा, हात हँडलवर ठेवा, बोटं सरळ ताणा. कोपर, मनगट, बोटं एका रेषेत आली पाहिजेत आणि लिव्हर त्याच रेषेत हवा. हायब्रिडवर हे साधारण आडव्यापासून ३० ते ४५ अंश खाली येतं. आवळणारा बोल्ट बहुधा ५ च्या एलन कीचा (षटकोनी किल्लीचा) असतो. तो अर्धा फेरा ढिला करून फिरवायचा, काढायचा नाही. हे करतानाच लिव्हर आतबाहेर सरकवून असा ठेवा की तर्जनी लिव्हरच्या टोकाच्या आकड्यावर पडेल. बोटं आखूड असतील तर लिव्हरच्या बुडाशी एक बारीक स्क्रू असतो, तो आत घेतला की लिव्हर हँडलच्या जवळ येतो. त्यानंतर ब्रेक पूर्ण दाबून बघा, लिव्हर ग्रिपला टेकता कामा नये.

या तीन गोष्टी एकाच दिवशी करू नका. एक करा, तीन-चार दिवस चालवा, मग दुसरी. नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही आणि तुम्ही आग सोमेश्वरी असताना बंब रामेश्वरी घेऊन जाल.

घाटमाथा

वरच्याशी सहमत. फक्त स्टेमचं राहिलं. तुमचं स्टेम तोंड खाली करून बसवलंय. ते उलटं केलं की फुकटात साधारण १८ मि.मी. उंची मिळते (९० मि.मी., ६ अंश, पुढची नळी ७१ अंशाची धरून). वरचा १० चा स्पेसर खाली घेतला की आणखी साडेनऊ. म्हणजे पावणेतीन सेंटिमीटर, एक पैसा न खर्चता. स्पेसरमुळे हँडल वर जाताना थोडं मागेही येतं, दर १० मि.मी.ला सुमारे ३ मि.मी.

क्रम चुकवू नका. आधी वरच्या टोपीचा बोल्ट काढा, मग बाजूचे दोन ढिले करा, स्टेम वर खेचून काढा. पुढचं चाक जमिनीवर टेकलेलं असू द्या, नाहीतर फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) निसटून खाली येतो आणि बेअरिंगची कडी कुठे गेली ते शोधत बसावं लागतं. परत बसवताना स्टेमच्या किंवा स्पेसरच्या वरच्या काठापासून आतली नळी २-३ मि.मी. खोल राहिली पाहिजे, नाहीतर टोपी नळीवरच टेकते आणि बेअरिंग आवळलंच जात नाही.

टोपीचा बोल्ट स्टेम धरून ठेवण्यासाठी नसतो, तो फक्त बेअरिंगमधला खुळखुळा काढतो. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवा, बोट वरच्या बेअरिंगच्या फटीवर ठेवा. टकटक जाणवली तर आठवा हिस्सा फेरा आवळा, परत बघा. टकटक थांबली आणि पुढचं चाक उचलल्यावर हँडल स्वतःच्या वजनाने सहज वळलं की पुरे. मगच चाकाच्या रेषेत स्टेम लावून बाजूचे दोन बोल्ट आलटून-पालटून आवळायचे. बरेच जण बाजूचे बोल्ट घट्ट असतानाच टोपी पिळत बसतात, त्याने काहीही होत नाही, फक्त टोपीचे आटे जातात.

रबरी_मूठ

ग्रिपबद्दल मी लिहितो, कारण या विषयावर दुकानात जे सांगतात त्यात अर्धं रंगाबद्दल असतं.

करंगळी आणि अनामिका बधिर होणं म्हणजे तळहाताच्या बाहेरच्या कडेने, मनगटाजवळून जाणारी अल्नर नस दाबली जाणं. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल तर नस वेगळी, ती मनगट मोडल्याने जास्त दाबली जाते. तुमची पहिल्या प्रकारची आहे. तिथे पंखाच्या ग्रिपचा खरंच उपयोग होतो, कारण टेकायला बोटभर गोल नळीऐवजी रुंद पृष्ठभाग मिळतो आणि भार पसरतो. एर्गॉनची जीपी१ हा त्यातला सगळ्यांना माहीत असलेला नमुना, आता त्या धर्तीच्या बऱ्याच मिळतात.

पण पंखाचा कोन चुकला तर गोल ग्रिप बरी म्हणायची पाळी येते. पंख वर उचललेला राहिला तर तो मनगट मागे ढकलतो, फार खाली गेला तर टेकू मिळतच नाही आणि हात घसरतो. पंख जमिनीला समांतर लावून सुरुवात करा, मग मागचा काठ एका वेळी दोन-तीन अंश खाली झुकवत जा. ग्रिप आवळणाऱ्या कडीवर, म्हणजे कॉलरवर, मार्कर पेनने एक रेघ ओढून ठेवा म्हणजे परत मूळ जागी येता येतं.

जाडी हा दुसरा मुद्दा. बाजारात साधारण २९ ते ३४ मि.मी. व्यासाच्या मिळतात. बारीक ग्रिप मोठ्या हाताला आवळून धरावी लागते, जाड ग्रिप लहान हाताला पकडता येत नाही. सैल पकडल्यावर बोटांची टोकं आणि तळवा यांत थोडीच फट राहिली तर माप बरोबर. फार मऊ जेलच्या मागे लागू नका. मऊ वस्तू दाबली जाऊन हात आतल्या नळीपर्यंत पोचतो, आणि वर जेलचे हातमोजे घातले की जाडी वाढून पकड आणखी आवळावी लागते.

आपल्या हवेत कुठला माल टिकतो? साध्या स्पंजच्या ग्रिप घाम आणि पावसाचं पाणी पितात, कोकणात तर चार महिन्यांत वास मारायला लागतात. सिलिकॉन फोमच्या पाणी पीत नाहीत, धक्का छान खातात, पण भिंतीला सायकल टेकवली की फाटतात. फार मऊ रबर उन्हात वर्ष-दोन वर्षांत चिकट होतं. कामाला जाण्या-येण्याच्या सायकलला मध्यम कडक रबर, दोन्हीकडे किंवा एकीकडे बोल्टची कॉलर असलेली, हे माझं मत. पावसात ग्रिप फिरण्याचा प्रश्न कॉलरने मुळातच संपतो.

लांबी बघून घ्या. नेहमीची ग्रिप १३० मि.मी.च्या आसपास असते. मुठीने फिरवायच्या गिअरसाठी ९० च्या आसपासच्या आखूड ग्रिप येतात, त्या चुकून उचलू नका.

दूधवाल्याची_सायकल

जुन्या काळ्या सायकलींचं, मागे वळलेलं हँडल भंगारात पडलेलं असतं. ते बसेल का हो नव्या सायकलला? मूळ प्रश्नकर्त्यालाही फुकटात प्रयोग होईल.

पाच_नंबर_पाना

@दूधवाल्याची_सायकल: नाही बसणार. दांड्याच्या ब्रेकवाल्या जुन्या सायकलीत हँडल आणि मधली दांडी एकसंध असते, ती पुढच्या नळीत आत घालून पाचरीने अडकवतात. नव्या सायकलीत स्टेम नळीला बाहेरून आवळतं. पण तो आकार मात्र वाया गेलेला नाही. नॉर्थ रोड या नावाने तोच आकार आजही नवा मिळतो.

दोन_पायडल

सगळ्यांचे आभार. हवा ४५/५० केली, सीटचं नाक साडेतीन अंश खाली होतं ते सरळ केलं, लिव्हर खाली वळवले, स्टेम उलटं केलं. प्रत्येकात चार दिवस ठेवून. मनगटाचा ताण गेला. बधिरपणा आता विसाऐवजी पस्तीस किलोमीटरला येतो.

आता दोन शंका. जुन्या ग्रिप न फाडता कशा काढायच्या? आणि मागे वळलेलं हँडल घ्यायचं तर किती अंशांचं?

पेट्रोलपंप

ग्रिपच्या आत थोडं पेट्रोल सोडा, लगेच सुटते.

रबरी_मूठ

पेट्रोल नको! रबर फुगतं, पुन्हा बसवली तर ढिली पडते, आणि घरात पेट्रोल हाताळायची गरज नाही. औषधाच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. बांबूची बारीक काडी ग्रिपच्या आतल्या टोकाकडून खाली सरकवा, सुई नसलेल्या सिरिंजने काडीच्या कडेने दोन-तीन मिली सोडा, काडी गोल फिरवा, ग्रिप पिळत ओढा. बसवतानाही तेच आत फिरवायचं, एका दमात सरकवायची, तासाभरात उडून जातं आणि ग्रिप धरते. सॅनिटायझर वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं, ते उडत नाही. साबणाचं पाणी कित्येक दिवस आत ओलं राहतं. खोबरेल तेलाचा तर विचारही नको, ती ग्रिप पुन्हा कधीच धरणार नाही आणि चढावर उभं राहून जोर लावताना हातात निघून आली तर तोंडावर पडाल.

कॉलरच्या ग्रिप कोरड्याच बसवायच्या. त्यांचा बोल्ट २.५ किंवा ३ च्या एलन कीचा, जोर साधारण २ ते ५ न्यूटन मीटर, कॉलरवर छापलेला असतो तोच पाळा. हा फार छोटा बोल्ट आहे, गुळगुळीत झाला की ड्रिल मारून काढावा लागतो. आणि टोकाची बुचं न विसरता लावा. उघडी नळी पोटात घुसते.

घाटमाथा

हँडलकडे वळू. विकत घेण्याआधी चार मापं बघायची, त्यातली पहिली दोन जुळली नाहीत तर हँडल बसणारच नाही.

स्टेममधला व्यास: तुमचा ३१.८. जुन्या आणि बऱ्याच शहरी हँडलांचा २५.४ असतो. २५.४ चं हँडल ३१.८ च्या स्टेममध्ये मधे बसवायची धातूची पट्टी घालून चालतं, उलटं चालत नाही. ३५ चीही असतात, ती डोंगरी सायकलींची.

मुठीचा व्यास: सरळ, उंच, मागे वळलेली, बटरफ्लाय या सगळ्यांचा २२.२. ड्रॉपचा २३.८. दीड मि.मी.चा हा फरक म्हणजे सगळी मेख आहे, तुमचा ईएफ५०० ड्रॉपवर चढतच नाही.

सरळ भागाची लांबी: हे कोणी बघत नाही. १३० ची ग्रिप आणि तुमचा ब्रेक-गिअरचा जोड तुकडा बसवायला टोकापासून निदान १९० ते २०० मि.मी. सरळ नळी लागते. मागे जास्त वळलेल्या हँडलात वाक त्याच्या आधीच सुरू होतो. मग लिव्हर वाकावर अडकतो किंवा ग्रिप कापावी लागते.

आणि वळण. हिशेब करून घ्या. वाक मधून ५० मि.मी.वर सुरू होतो आणि तळव्याचा मध्य २६५ मि.मी.वर पडतो असं धरा. ८ अंशांच्या हँडलात तळवा स्टेमच्या रेषेपासून सुमारे ३० मि.मी. मागे येतो, १६ अंशांत साधारण ६०, ३० अंशांत १०५-११०. म्हणजे ८ वरून १६ वर गेलात तर हात ३ सेंटिमीटर जवळ आले. आत्ता तुम्ही ताणून बसत असाल तर हा फायदाच. बसणं बरोबर असेल तर ९० ऐवजी १२० चं स्टेम लागेल, नाहीतर गुडघे हाताशी आणि भार सगळा सीटवर. काही हँडलं आधी पुढे जाऊन मग मागे वळतात, त्यांत हा फरक कमी पडतो. अशा वेळी विकणाऱ्याने दिलेलं चित्र मापासकट बघा.

तुमच्या वापराला १२ ते १६ अंश, १५ ते ३० मि.मी. उंची. पहिल्यांदा बसवताना उंचीचा भाग फोर्कच्या रेषेत ठेवा. हँडल तुमच्याकडे फिरवलंत की मागचं वळण वरच्या वळणात बदलतं आणि मनगट पुन्हा मोडतं. हँडल नवीन घेतलं पण हात तसाच दुखतो म्हणणाऱ्यांचं बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

बटरफ्लायचं थोडक्यात: हात ठेवायला जागा खूप, लांबच्या टूरला झकास, पण ब्रेक त्यातल्या एकाच जागी हाताशी असतो. हिंजवडीच्या रहदारीत उरलेल्या जागा शोभेच्या. वजन जास्त, आणि टेपचं एक पाकीट पुरत नाही.

आऊटर_इनर

वायरींचं कोणी बोलत नाहीये, आणि खर्च तिथेच निघतो. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

नवं हँडल आणण्याआधीच कळू शकतं. आत्ताच्या हँडलवर लिव्हर सोडवा, नवी मूठ जिथे येणार त्या जागी हाताने धरा आणि कुणाला तरी पुढचं चाक दोन्हीकडे पूर्ण वळवायला सांगा. कुठलंही आऊटर (तारेवरचं बाहेरचं कव्हर) ताणलं गेलं नाही, तर जुन्या वायरींवर भागतं. हँडल मागे येत असेल तर बरेचदा भागतं. उंच आणि रुंद दोन्ही झालं तर भागत नाही.

बदलायचंच तर:

ब्रेकचं आऊटर ५ मि.मी., आत १.५ किंवा १.६ ची तार. गिअरचं आऊटर ४ मि.मी., तार १.१ किंवा १.२. गिअरचं आऊटर ब्रेकला कधीही लावू नका. त्यात तारा लांबीच्या दिशेने उभ्या असतात, ब्रेकचा जोर आला की त्या फाकतात आणि आऊटर फुटतं, तेही नेमकं जोरात ब्रेक दाबल्यावर. ब्रेकच्या तारेचं डोकंही बघा, तुमच्या लिव्हरला आडव्या नळकांड्याच्या डोक्याची लागते, ड्रॉपच्या लिव्हरला पेरूच्या आकाराची. बऱ्याच तारांच्या दोन टोकांना दोन डोकी असतात, नको ते कापायचं.

कापायला केबल कटरच हवा. पकडीने कापलं की आऊटरचं तोंड चेपतं आणि तार विस्कटते. कापल्यावर तोंड कानसीने सपाट करा, आतलं प्लास्टिक सुईने गोल उघडा, टोपण घाला. गिअरचं आऊटर बदललं की गिअर थोडे सरकणारच. मागच्या डिरेलरजवळचा (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) गोल स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून जुळवा.

सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, आणि कुठला लिव्हर पुढचा ब्रेक ओढतो ते लिहून ठेवा. उलटसुलट जोडून पहिल्याच उतारावर कळलं तर उपयोग नाही.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: ज्यांचे ब्रेक तेलाचे आहेत त्यांना लांब होज (तेलाची नळी), नवी ऑलिव्ह आणि नवा बार्ब (नळीच्या जोडाचे छोटे भाग), आणि ब्लीडिंग (तेलातली हवा काढणं), एवढं लागतं. शिमानोत मिनरल ऑइल, काही कंपन्यांत डॉट फ्लुइड. एकात दुसरं घातलं की सील कामातून जातात. वायरी फ्रेमच्या आतून गेल्या असतील तर कारागिराकडे जा.

वाकडी_शिंगं

एवढं सगळं करण्यापेक्षा थेट ड्रॉप लावा की. एकदाच खर्च.

पाच_नंबर_पाना

@वाकडी_शिंगं: एकदाच खर्च, पण सायकलीच्या किमतीशी स्पर्धा करणारा. सरळ हँडलच्या फ्रेममध्ये वरची दांडी मुळातच लांब असते. ड्रॉप हँडल स्वतः ७०-८० मि.मी. पुढे जातं, त्यावर लिव्हरचा मुठीचा भाग. ९० चं स्टेम काढून ४०-५० चं लावलं तरी ताणलेलंच बसणं राहतं. ब्रेकचा प्रश्न त्याहून मोठा. सरळ हँडलसाठीचे वायरचे डिस्क लांब ओढीचे असतात (म्हणजे त्यांना तार जास्त खेचावी लागते), ड्रॉपचे नेहमीचे लिव्हर आखूड ओढीचे. जोडले तर लिव्हर हँडलला टेकेल पण चाक थांबणार नाही. त्यासाठी टेक्ट्रो आरएल५२० सारखे लांब ओढीचे ड्रॉप लिव्हर घ्यावे लागतात, आणि त्यांत गिअर नसतो, म्हणजे गिअरचे खटके वेगळे. ब्रेव्हेसाठीच (ठरलेल्या वेळेत लांब पल्ला गाठायची सायकल फेरी) ड्रॉप हवं असेल तर ही सायकल विकून ड्रॉपची सायकल घेणं स्वस्त पडतं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, सरळ हँडलवर आरामात होतं.

हाताला दुसरी जागा हवी हा ड्रॉपमागचा खरा हेतू असेल, तर सरळ हँडललाच आखूड शिंगं (हाताला पुढे धरायला जोडायच्या छोट्या दांड्या) जोडा. २२.२ वर बसतात. ग्रिप आणि लिव्हर आतल्या बाजूला १५-२० मि.मी. सरकवायला जागा हवी. चढावर उभं राहून ओढायला उत्तम. काही पंखाच्या ग्रिपला शिंग जोडलेलंच येतं.

रबरी_मूठ

शिंगं टोकाला लावलीत तर पुण्याच्या रहदारीत रिक्षाच्या आरशात अडकतील. ग्रिपच्या आतल्या बाजूला, लिव्हरच्या अलीकडे बसणारी शिंगं मिळतात, अंगठा त्यावर ठेवता येतो आणि ब्रेकही बोटांत राहतो. ६६० च्या हँडलवर मला तीच बरी वाटतात.

पाच_नंबर_पाना

त्याला सरळ भाग आणखी ३० मि.मी. लागतो, आणि मागे वळलेल्या हँडलवर बसतीलच असं नाही. पण मुद्दा बरोबर.

दोन_पायडल

ठरलं: आधी कॉलरच्या पंखाच्या ग्रिप, महिनाभर. मग गरज पडली तरच १६ अंशांचं हँडल. ते ७२० मि.मी. रुंद मिळतंय. कापून घ्यावं का आधीच? आणि टॉर्क पाना (किती जोराने आवळलं ते मोजणारा) नसेल तर किती आवळायचं?

घाटमाथा

आधीच कापू नका. लिव्हर आणि ग्रिप दोन्ही बाजूंनी १० मि.मी. आत सरकवा, टोकं बाहेर उघडी राहतील त्यांना बुचं लावा, आणि आठवडाभर मोकळ्या रस्त्यावर चालवा. मग आणखी १०. खांद्याच्या रुंदीपेक्षा बरंच रुंद हँडल म्हणजे कोपरं फाकलेली आणि छाती खाली, फार अरुंद म्हणजे चढावर डगमग. जिथे हात आपोआप जातात ती रुंदी. कापताना पाण्याच्या नळाचा पाइप कटर अ‍ॅल्युमिनियमला चालतो, दर फेऱ्याला थोडंच आवळायचं. काठ कानसीने घासा, नाहीतर नवी ग्रिप आतून चिरते. कार्बनच्या हँडलला पाइप कटर अजिबात नको, त्याला बारीक दातांची करवत लागते. बटरफ्लाय किंवा वळलेलं हँडल कापलं की पंखाच्या ग्रिपला सरळ भाग कमी पडतो, ते वरचं माप पुन्हा बघा.

आऊटर_इनर

आवळण्याबद्दल. स्टेमच्या पुढच्या पट्टीचे चार बोल्ट बहुतेक ५ न्यूटन मीटरचे असतात, पण स्टेमवर जे छापलंय तेच खरं. टॉर्क पाना नसेल तर हिशेब असा: एलन कीवर बोल्टपासून १० सेंटिमीटरवर ५ किलोचा जोर म्हणजे साधारण ५ न्यूटन मीटर. पिशवी अडकवायच्या छोट्या तराजूने ओढून एकदा अंदाज घ्या, मग हाताला कळतं. कार्बन असेल तर मात्र अंदाज चालणार नाही, टॉर्क पाना आणि कार्बन पेस्ट (पकड वाढवणारा लेप) दोन्ही हवं.

चारही बोल्ट आधी बोटांनी, मग तिरपे समोरासमोरचे, प्रत्येक खेपेला पाव फेरा. पट्टीच्या वरची आणि खालची फट सारखी राहिली पाहिजे. अपवाद म्हणजे काही स्टेम असे बनवलेले असतात की वरचे दोन आधी धातूला धातू टेकेपर्यंत आवळायचे आणि सगळी फट खाली ठेवायची. तसं असेल तर पट्टीवर खूण असते. बोल्टच्या आट्यांना ग्रीसचा ठिपका, पण हँडल आणि स्टेम जिथे एकमेकांना धरतात ती जागा कोरडी आणि पुसलेली. तिथे ग्रीस गेलं तर खड्ड्यात आदळल्यावर हँडल खाली फिरतं.

झाल्यावर सायकलसमोर उभे राहा, पुढचं चाक गुडघ्यात धरा, दोन्ही मुठींवर अंगाचा भार टाकून खाली दाबा, मग हँडल डावी-उजवीकडे पिळा. कुठेही सरकलं तर रस्त्यावर काढू नका. पन्नास किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा. हँडलमधून करकर आवाज यायला लागला तर लगेच जास्त आवळू नका, चारही बोल्ट काढून पट्टी पुसा, वाळूचा कण असतो बहुधा. हँडलवर स्टेमच्या कडेशी बारीक रेघ किंवा चरा दिसला, तर मात्र ते हँडल टाकून द्या. अ‍ॅल्युमिनियम तिथूनच एका झटक्यात तुटतं.

रबरी_मूठ

एक राहिलंच. ग्रिप कुठलीही घ्या, दर दहा मिनिटांनी हात हलवा, सिग्नलला बोटं झाडा. आणि सायकलवरून उतरल्यावर तासभरात बधिरपणा गेला नाही, किंवा करंगळी दुसऱ्या दिवशीही कमजोर वाटली, वस्तू निसटायला लागल्या, तर ग्रिप बदलत बसू नका. चालवणं थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

दोन_पायडल

ग्रिप मागवल्या, ३२ मि.मी. जाडीच्या. कॉलरवर रेघ ओढायला मार्कर पेनही काढून ठेवलंय. २.५ ची एलन की मात्र घरातल्या संचात नाही, २ आणि ३ आहे.

पाच_नंबर_पाना

२ ची घालून चालवून बघू नका. बोल्ट तिथेच खलास होतो.